अप्पा कुणाकडे बघतायत

शीलुओ, २६ फेब्रुवारी

त्साई-ह्वा वन्सं,

फोनवर तुम्ही आम्हा दोघांनाही बंद करून ठेवलंय, म्हणून कागद घेतला. पत्ता तुमच्या सॉसच्या बाटलीच्या मागच्या लेबलावरून उतरवला. बाटली आमच्याकडे कशी आली ते आत्ता विचारू नका. अर्धी संपलीय, एवढंच सांगते.

कामाचंच लिहिते. आपल्या कारखान्याची वेबसाइट नव्याने करायचं चाललंय. तैपेईतलं एक मोठं दुकान आपला काळ्या सोयाबीनचा सॉस ठेवायचा विचार करतंय. त्यांच्या खरेदीखात्यात ओउयांग म्हणून बाई आहेत. त्या फोनवर म्हणाल्या, सॉस आवडला, पण तुमची वेबसाइट बघून वाटत नाही की तुम्ही तो स्वतः बनवता. खुन-यीला ते फार लागलं. त्याने ताइचुंगच्या फान साहेबांना गाठलं. ते वेबसाइटची पानं बांधतायत, आणि फोटो निवडायचं काम माझ्याकडे आलंय. "तू फोटोवाली ना," असं तुमचा भाऊ म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला ते आठवलं असावं.

जुन्या पानांवर काय काय निघालं म्हणून सांगू. सगळ्यात वर रांजणांचा जो फोटो होता, ऊन पडलेलं अंगण, ओळीने मांडलेले रांजण, तो आपला नाहीच. आधीच्या वेबवाल्याने कुठूनतरी विकत घेतलेला. ते रांजण कोरियातले आहेत. गेल्या उन्हाळ्यात एक कोरियन प्रवासी अंगणात आला, मला मोबाइल दाखवला आणि हसत विचारलं, की हे रांजण कुठे ठेवलेत. मी म्हटलं, धुवायला दिलेत. तो बिचारा अर्धा तास वाट बघत बसला.

आपले स्वतःचे फोटो तर त्याहून कठीण. कॉम्प्युटरवर ढिगाने पडलेत, नावं म्हणून नुसते आकडे. एकेक इतका जड, की फान म्हणतात, पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक जेवून येईल. मी सकाळी बसते, डोळे चुरचुरायला लागले की अंगणात जाऊन येते, परत बसते. झाकणांचे फोटो, बाटल्यांचे, एका लग्नातले, कुणाच्या तरी अंगठ्याचे. सासूबाईंचा एक निघाला, विहिरीपाशी पाय धुताना. तो बाजूला ठेवलाय.

आणि मग तो निघाला. तुम्ही वाकून रांजणातल्या सोयाबीनवर खडेमीठ पसरताय. बाह्या वर, केस डोळ्यांवर, कशावर तरी हसताय. मामंजी शेजारी मिठाचं घमेलं धरून उभे, आणि ते रांजणाकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतायत. फान यांनी तो पडद्यावर मोठा केला आणि खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "हाच. बाकी काही दाखवू नका."

तोच फोटो तुमच्याही वेबसाइटवर सगळ्यात वर आहे. मी पाहिलाय.

तेव्हा विनंती अशी, की थोडे दिवस तुम्ही तो काढून ठेवाल का? एकच फोटो दोन ठिकाणी दिसला की गिऱ्हाईक गोंधळतं. दुसरं काही कारण नाही.

मामंजी बरे आहेत. गुडघे दुखतात, पण बोलून दाखवत नाहीत. तुमचं नाव निघालं तर उठून अंगणात जातात. रागाने जातात असं मला आता वाटत नाही.

शिंग-यून


शीलुओ, १७ मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. "चेहरा माझा आहे. काढणार नाही." एका बाजूला एवढंच, दुसऱ्या बाजूला केळीची बाग. पोस्टमन आला तेव्हा खुन-यी मालाच्या गाडीपाशी होता, हे बरं झालं.

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आणि मागच्या पत्रात मी "दुसरं काही कारण नाही" असं लिहिलं, ते खरं नव्हतं. लिहितानाच पेन अडखळलं होतं. आता सगळं सांगते.

दोउल्यूच्या त्साओ आजी आठवतात ना तुम्हाला? सासूबाईंच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या नातवाने नवीन वर्षाआधी त्यांच्यासाठी मोबाइलवरून सॉस मागवला. नाव वाचलंच नाही. फोटोत मामंजी दिसले, एवढं बघून मागवला. बाटल्या गेल्या तुमच्या नेईपूच्या कारखान्यातून. आजींनी चव घेतली आणि त्यांना पाठ असलेला नंबर लावला, म्हणजे आमचा. फोन खुन-यीने उचलला. मी जवळच लेबलं चिकटवत होते, पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. आजी म्हणाल्या, "यावेळी अगदी पूर्वीसारखा झालाय हो. मधे इतकी वर्षं काय बिघडलं होतं तुमचं?"

खुन-यी म्हणाला, "आभारी आहे, आजी. आता काळजी घेऊ." फोन ठेवला आणि रांजण मोजायला गेला. रांजण त्याला मोजायला लागत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्याच आठवड्यात त्याने कुणाकडून तरी तुमची बाटली मागवून घेतली. मला न सांगता चाखली. मी चाखली ती त्याला न सांगता. आम्ही दोघं एकाच बाटलीतून चोरून खात होतो, आणि ती निम्म्यावर आली तेव्हा दोघांनाही कळलं.

त्याच्यानंतर तो वकिलाकडे गेला.

वकिलाने पहिला प्रश्न विचारला, फोटो कुणी काढला? चेहरा कुणाचाही असो, म्हणाला, फोटो काढणाऱ्याचा. खुन-यी घरी येऊन जेवायला बसला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू बाजारात एखादी ओळखीची वस्तू दुसऱ्याच्या टोपलीत दिसावी.

फोटो माझा आहे. माझ्या लक्षातच नव्हतं, तुमच्याही नसेल. मी तेव्हा दोउल्यूच्या स्टुडिओत लग्नाच्या फोटोंचं काम करायचे. सुटीचा दिवस होता, स्वतःचा कॅमेरा घेऊन लाल पुलाकडे निघाले होते. तुमच्या फाटकातून मीठ ओतल्याचा आवाज आला म्हणून डोकावले. तुम्ही विचारलंत, "कोण गं तू? फोटो काढायचा तर काढ, पण बाजूला हो, तुझी सावली पडतेय रांजणावर." पुढे मी फोटो द्यायला आले, तर फाटक उघडलं सैन्यातून सुटीवर आलेल्या तुमच्या भावाने. बाकीचं तुम्ही पाहिलंच आहे. तुम्ही त्या वेळी मला म्हणालात, या घरात येतेस तर ये, पण मिठाला हात लावायच्या आधी मला विचार. मी नेहमी विचारत आले. तुमचं येणं थांबल्यावर कुणाला विचारायचं ते कळेना, म्हणून मिठाला हात लावणंच सोडलं.

तर आता वकिलाची नोटीस तयार आहे. "विनापरवाना वापर" असं काहीसं त्यात लिहिलंय. खाली सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का हवा. खुन-यीने माझा शिक्का कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलाय, सॉसच्या बाटलीशेजारी. "घाई नाही," म्हणाला. रोज जेवताना वाट्या मांडायच्या म्हणून मी तो इकडे सरकवते, तो तिकडे सरकवतो. मामंजी बघतात आणि भात खातात.

एक शिक्का याच टेबलावर यापूर्वी उठलाय. सासूबाई गेल्या त्या वर्षी तुम्हाला दोघांनी, बापाने आणि भावाने, निरोप पाठवला होता, की येताना शिक्का घेऊन ये. मुलीने घरातलं काही मागायचं नसतं, असं तुमच्या काकांपासून सगळे सांगत होते. तुम्ही हक्क सोडल्याच्या कागदावर तो उठवलात, रुमालाने पुसलात, आणि चहाला न थांबता निघालात. बसथांब्यापर्यंत मी मागून आले होते. तुम्ही वळून बघितलं नाहीत, म्हणून मी परत फिरले.

मी नाही म्हटलं तर घरात काय होईल ते सांगता येत नाही. तो ओरडणारा माणूस नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तुमच्या भावाला हरवायला कुणी लागत नाही, वन्सं, तो सकाळी उठतोच हरलेला. तैपेईचं हे दुकान म्हणजे त्याला वाटतंय की एकदा तरी.

हे वाचून तुम्हाला राग येईल. येऊ दे. पण काही लिहा.

शिंग-यून


शीलुओ, ८ एप्रिल

वन्सं,

हे पत्र घाईत लिहितेय, कारण तुम्ही इंटरनेटवर एक फोटो पाहिला असेल किंवा आज-उद्या पाहाल. त्याच्याआधी माझं पत्र पोचलं तर बरं. पोचणार नाही बहुतेक. तरी लिहिते.

आधी तुमच्या चिठ्ठीबद्दल. "शिक्का मारून टाक. तुला त्या घरात राहायचंय. माझ्याकडे फोटोंची कमी नाही." हे वाचलं आणि माझं ठरलं. तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित मारलाही असता. मी शिक्का उचलून माझ्या पेटीत ठेवला आणि खुन-यीला सांगितलं, की मी मारणार नाही.

त्याने विचारलं, का. मी म्हटलं, माझ्या फोटोने तुझ्या बहिणीवर दावा लागायला नको. तो म्हणाला, की हा फोटो आपल्या पानावर टाकला तर लोक तिला ओळखून तिच्याकडे जातात, नाही टाकला तर फान म्हणतो दुसरा नाही, मग मी करू काय. मी म्हटलं, मी नवीन काढते. तो म्हणाला, "अप्पा तसे परत बघतील का?"

मला वाटलं विषय तिथे संपला. पण त्याने फान यांना बोलावून घेतलं, मी बाजारात गेले होते तेव्हा. पांढरा शर्ट घालून रांजणावर वाकला, फान यांनी फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर तुमच्या जागी त्याला बसवला. आता अशा कामाला वेळ लागत नाही म्हणे. सावलीसुद्धा बरोबर पडलीय. मामंजी घमेलं धरून उभे आहेत आणि खुन-यीकडे बघतायत. इतकं खरं दिसतं, की पहिल्यांदा मला क्षणभर आनंदच झाला. हा फोटो मला कसा नाही मिळाला, असं वाटलं.

मग मी ते पान बंद केलं.

फोटोंचं काम माझं, म्हणून पान शेवटी माझ्याकडे आलं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना कॉम्प्युटर पान वाचून दाखवतो, त्यांच्यासाठी फान प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहून घेतात, फोटोत काय आहे ते. रांजणांच्या फोटोला लिहिलं, बाटलीच्या फोटोला लिहिलं. या फोटोपाशी आले आणि हात चालेना. "वडील मुलाकडे बघत आहेत." एवढीच तर ओळ. डोळसांना फोटो फसवत होता. आंधळ्या माणसाला मी माझ्या बोटांनी फसवायचं होतं. लिहिली, पुसली. "अंगणात दोन पुरुष" असं लिहिलं, तेही पुसलं. रिकामीच सोडली. खुन-यीला म्हटलं, की हे बरोबर नाही. तो म्हणाला, "कोरियाचे रांजण तीन वर्षं चालले, कुणाला काय कळलं?" पान चालू झालं.

छिंगमिंगच्या सणाला सासूबाईंच्या थडग्यावरचं गवत काढायला आम्ही तिघं गेलो होतो. त्यानंतर दोनच दिवसांनी ओउयांग बाई तैपेईहून आल्या. चांगल्या होत्या हो बाई. बूट बाहेर काढून आल्या, रांजणांतून हिंडल्या, वास घेतला, प्रश्न नेमके विचारले. मग म्हणाल्या, फोटोतल्या आजोबांना भेटायचंय. खुन-यी म्हणाला, त्यांचे गुडघे दुखतायत, झोपलेत. तेवढ्यात मामंजी स्वतःच आले, चांगलं जाकीट घालून. पाहुणे आलेत हे त्यांना कसं कळणार नाही?

मी चहा ओतत होते. ओउयांग बाईंनी आपला टॅब त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "आजोबा, हा फोटो बघूनच मी आमच्या साहेबांना म्हटलं, घ्यायचं तर या माणसांकडून. काय बघत होतात तुम्ही असं?"

मामंजींनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"हा माझा मुलगा," म्हणाले.

"हो ना. किती कौतुकाने बघताय."

"हा त्या दिवशी इथे नव्हता. किन्मेनच्या छावणीत होता." मग बाईंना समजावून सांगावं तसं म्हणाले, "मी मुलीकडे बघत होतो. मीठ किती, कुठे जाड, कुठे पातळ, मी सांगायच्या आधीच तिने बरोबर पसरलं होतं. मला कुणी तसं पसरून दाखवलं नव्हतं तोवर."

खुन-यी उभा होता. मला वाटलं, आता हा निघून जाईल. पण तो म्हणाला, अगदी हळू, पाहुण्यांसमोर आवाज चढू नये म्हणून: "नव्हतो, अप्पा. पण माझ्याकडे असे बघतानाचा तुमचा एक तरी फोटो आहे का घरात? असेल तर द्या. तोच लावतो."

मामंजींनी चष्मा काढला. पुसला. परत लावला नाही.

ओउयांग बाई म्हणाल्या, चहा फार छान होता. त्यांनी अजून चहा प्यायला नव्हता.

गाडी गेल्यावर खुन-यीने माझ्यासमोर फान यांना फोन लावला आणि तो फोटो उतरवायला सांगितला. पानावरून तो लगेच गेला. पण फान म्हणतात, शोधणाऱ्यांना अजून काही आठवडे तो कुठे कुठे दिसत राहील, त्याला इलाज नाही. म्हणून हे पत्र. तुमच्या जागी तुमचा भाऊ उभा दिसला तर निदान कसा उभा राहिला ते तुम्हाला माहीत असावं.

मी त्याची बाजू घेत नाहीये. घेतेय बहुतेक. मला कळत नाही.

शिंग-यून


शीलुओ, २७ एप्रिल

वन्सं,

तुमचं उत्तर आलं नाही. मी रोज टपालपेटी उघडून बघते, नुसत्या जाहिराती.

तैपेईच्या दुकानाचं पत्र मात्र आलं. फार गोड भाषा. या मोसमात मांडणीत जागा उरलेली नाही, पुढे कधी योग आला तर नक्की. खुन-यीने दोनदा वाचलं आणि म्हणाला, बरं झालं, एवढा माल आपल्याकडून निघालाही नसता. मग दिवसभर माल काढत बसला.

त्या फोटोच्या जागी पानावर करडा चौकोन राहिला होता. येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो चौकोन दिसायचा. फान रोज विचारायचे, काय लावू. मी म्हणायचे, थांबा. घरात मामंजी आणि खुन-यी एकमेकांना ओलांडून जायचे, जेवताना वाट्यांचा तेवढा आवाज. माझा जीव कशात लागेना. भात दोनदा करपला.

मागच्या मंगळवारी मामंजी माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "तिचं पान दाखव."

मी दाखवलं. सगळं बघितलं त्यांनी, एकेक फोटो. तो वरचा आला तेव्हा त्यावर सर्वांत जास्त वेळ थांबले. पुढे तुमचं अंगण आलं. आता राग मानू नका, पण तुमचे बाकीचे फोटो काही धड नाहीत. मोबाइलवर काढलेले, तेही भर दुपारी. बाटल्यांवर तुमचीच सावली आहे. मला म्हणाला होतात ना, सावली पडतेय म्हणून? मामंजी मात्र बाटल्या बघत नव्हते. त्यांनी उघड्या रांजणांच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हे मोठं कर."

मी केलं.

"इथे मिठाला मधे खड्डा पडलाय का? बघ. खड्डा असेल तर पावसाचं पाणी तिथेच मुरेल. आणखी मोठं कर."

मी करत गेले. शेवटी पडद्यावर नुसते चौकोन दिसायला लागले, काळे, पांढरे. मी म्हटलं, "मामंजी, आता नाही होत. फोटोच तेवढा आहे."

"मग जाऊन बघायला लागेल," म्हणाले, आणि उठले.

खड्डा खरंच आहे की नाही, मला माहीत नाही. तुमच्या मिठाला खड्डा पडेल असं मला वाटत नाही. मामंजींनाही वाटत नसेल.

इकडे मी कॅमेरा बाहेर काढला. नवीन सोयाबीन रांजणात भरायचं चाललं होतं, म्हणून सकाळच्या उन्हात दोघांचे फोटो घ्यायला लागले. मामंजींना उभं केलं की ते ओळखपत्राला उभे राहिल्यासारखे दिसायचे. खुन-यीला म्हटलं हस, तर दात दुखत असल्यासारखं तोंड करायचा. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी खुन-यीने एक झाकण उचललं, कसं उचललं देव जाणे, आणि पलीकडून मामंजी गुडघ्यांचं दुखणं विसरून तरातरा आले. आजोबांनी भाजून घेतलेली मातीची झाकणं आहेत, कडेला धरू नये हे तुला किती वेळा सांगायचं, मेल्यावर सांगायला येऊ का, असं बरंच काही. बोट नाकासमोर नाचवत होते. खुन-यी झाकण छातीशी धरून ऐकत होता, मान थोडी खाली. मी कधी बोट दाबलं मलाच कळलं नाही.

निवडायला खुन-यी स्वतः माझ्याबरोबर बसला. चांगले चांगले मी पुढे केले. रांजणांवर पडलेलं ऊन, वाफाळलेलं सोयाबीन, मामंजींचे नुसते हात. तो मान हलवून पुढे जायचा. त्या फोटोवर थांबला.

"हा," म्हणाला.

मी म्हटलं, "यात ते तुला रागावतायत."

"हो. पण माझ्याकडे बघतायत."

तोच लावला, सगळ्यात वर. मागच्या ओळीत मी लिहिलं: "वडील मुलाला रागावत आहेत. मुलगा झाकण धरून ऐकतो आहे." फान यांचा फोन आला, की काही चुकलंय का, धंद्याच्या वेबसाइटवर असं कुणी लावत नाही. मी म्हटलं, चुकलेलं नाही. मामंजींना दाखवला, तर चष्म्यातून बघून म्हणाले, "झाकण अजून चुकीचंच धरलंय." खुन-यी हसला. मग मामंजीही हसले थोडे. मी उठून चुलीपाशी गेले, नाहीतर मला रडू आलं असतं आणि दोघं घाबरले असते.

आपल्या फोटोची निगेटिव्ह या पाकिटात आहे. कागदही आहे, त्यावर माझा शिक्का आहे: हा फोटो वापरायचा हक्क यापुढे तुमचा, दुसऱ्या कुणाचा नाही. खुन-यीने तो कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

मामंजी येत्या शनिवारी निघतायत. गाडी खुन-यी चालवणार. दुपारपर्यंत नेईपूला पोचतील. मामंजींना जेवण लवकर लागतं, आणि खुर्ची उंच द्या, खालून उठताना त्यांना त्रास होतो. मीठ बघायचा हट्ट धरतील. बघू द्या.

मी येत नाही, इथे रांजणांपाशी कुणीतरी हवं. पण तुम्ही बोलावलंत तर येईन, कॅमेरा घेऊन. बाटल्यांचे ते फोटो मला बघवत नाहीत.

खुन-यी गाडीतून उतरेल की नाही, मला सांगता येत नाही. काल विचारलं, तर म्हणाला, मी नुसता सोडायला चाललोय. उतरला, तर त्याला "ये, बस" म्हणू नका. बसायला सांगितलं की तो निघून जातो. काहीतरी जड उचलायला सांगा.

शिंग-यून